नॉर्मल स्कूलमधल्या वादसभा : गुरुजी घडले कुठे, वर्गात की मंडळात?

खडूची धूळ

गेले काही महिने अमेरिकेतल्या जुन्या नॉर्मल स्कूलांबद्दल हाताला लागेल ते वाचतोय. नॉर्मल स्कूल म्हणजे आपल्या डी.एड. कॉलेजची पणजी. तिथलं पहिलं सरकारी नॉर्मल स्कूल मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला ३ जुलै १८३९ ला उघडलं. मुख्याध्यापक सायरस पीअर्स, आणि पहिल्या दिवशी विद्यार्थिनी किती? तीन! तिथपासून पुढच्या पन्नासेक वर्षांत जवळपास प्रत्येक राज्यात अशी शाळा निघाली.

वाचायला घेतलं होतं अध्यापनपद्धतीसाठी. सराव पाठ कसे घ्यायचे, टाचण काढायचे का, निरीक्षण कोण करायचं, वगैरे. पण अडकलो भलत्याच ठिकाणी. या शाळांतले विद्यार्थी स्वतःची साहित्य आणि वादविवाद मंडळं चालवायचे, आणि काय जीव तोडून चालवायचे! माझं म्हणणं असं की तिथला मास्तर निम्मा वर्गात घडायचा आणि निम्मा मंडळात, आणि मंडळातला निम्मा भाग जास्त टिकाऊ निघायचा. पटत नसेल तर भांडा, धागा त्यासाठीच काढलाय.

एक संस्था जरा जवळून बघू. इलिनॉय स्टेट नॉर्मल युनिव्हर्सिटी, स्थापना १८५७. नावात युनिव्हर्सिटी, पण काम शिक्षक तयार करायचं. संस्थेच्या रोख्यांचे कायदेशीर कागद तयार करणारा वकील होता अब्राहम लिंकन. स्वतःची इमारत व्हायची होती, म्हणून वर्ग ब्लूमिंग्टन गावात मेजर्स हॉल नावाच्या सभागृहात भरायचे. याच सभागृहात वर्षभर आधी, २९ मे १८५६ ला, लिंकनने ते प्रसिद्ध 'हरवलेलं भाषण' केलं होतं. भाषण इतकं रंगलं म्हणे की बातमीदार लिहून घ्यायचंच विसरले. म्हणजे वादविवाद शिकायला जागा तरी कसली मिळाली बघा.

पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांनी फिलाडेल्फियन सोसायटी काढली. एक मंडळ निघालं की प्रतिस्पर्धी हवाच, त्यामुळे पुढल्या वर्षी राइटोनियन सोसायटी आली. हे नाव सिमियन राइट या शिक्षण मंडळाच्या सदस्यावरून घेतलेलं. मग कॅम्पसवर दोनच जाती उरल्या, 'फिल' आणि 'राइट'. वर्षातून एकदा दोघांचा जाहीर सामना व्हायचा. त्यात वादविवाद, भाषण, निबंध किंवा हस्तलिखिताचं वाचन, गायन असं सगळं असायचं, आणि निकाल द्यायला परीक्षक बसायचे.

आता एरवीची साधी बैठक कशी व्हायची ते सांगतो. नियमावली बहुतेक मंडळांची सारखीच होती. आधी हजेरी. मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायचं आणि त्यावर हरकती घ्यायच्या. (हरकती घेणं हा स्वतंत्र करमणुकीचा कार्यक्रम असावा असा माझा संशय आहे.) मग निबंध, काव्यवाचन, एखादं गाणं. मग मंडळाचं हस्तलिखित संपादकाने उभं राहून मोठ्याने वाचायचं. हे छापलेलं नसे. एकच प्रत, आणि तिचं प्रकाशन म्हणजेच वाचन. त्यात वात्रटिका, एकमेकांच्या खोड्या, प्राध्यापकांना हळूच काढलेले चिमटे. मग मुख्य वादविवाद. बाजू वाटून दिलेली, तुमचं खरं मत काय याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. परीक्षक निर्णय द्यायचे, काही ठिकाणी त्यानंतर सभाही मत द्यायची.

आणि सगळ्यात शेवटी उठायचा क्रिटिक. हे पद मला फार आवडलं. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार तसा निवडलेला क्रिटिक. त्याचं काम एवढंच की बैठकभर गप्प बसून टिपणं घ्यायची आणि शेवटी सगळ्यांदेखत सांगायचं : अमक्याने हा उच्चार चुकीचा केला, तमकीचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला नाही, तिसऱ्याने मुद्दा सोडून माणसावर टीका केली, आणि अध्यक्षांनी ठराव मताला टाकताना अनुमोदन घेतलंच नाही. यातून अध्यक्षही सुटत नसे. भाग घ्यायचं कबूल करून न आलेल्यांना दंड वेगळा.

हे सगळं शिक्षकाला कशासाठी लागायचं? कारण तो परत जायचा कुठे तर खेड्यातल्या एका खोलीच्या शाळेत. जोसाया हॉलब्रुकने १८२६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये लायसियमची, म्हणजे गावकऱ्यांच्या व्याख्यान-मंडळांची चळवळ सुरू केली, तेव्हापासून गावोगाव व्याख्यानं आणि वादविवाद यांचं पीक आलं होतं. पुढे पश्चिमेकडच्या वस्त्यांत तर हिवाळ्याच्या संध्याकाळी शाळेच्या खोलीत अख्खं गाव जमायचं. स्पेलिंगची चढाओढ, गाणी, नकला आणि वादविवाद. 'आज लिटररी आहे' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. आणि ते चालवणार कोण? मास्तर नाहीतर मास्तरीणबाई. विशीतली पोरगी, समोर शेतकरी, दुकानदार, पाद्री, आणि तिने सभा ताब्यात ठेवायची. हे तिला अध्यापनशास्त्राच्या तासाला कोण शिकवणार होतं?

---

तिरपागडा

झकास धागा. आमच्या वेळी वाङ्मय मंडळ म्हणजे जुलैत उद्घाटन आणि फेब्रुवारीत समारोप, मधे काही नाही. पाहुणे तेच, हार तोच.

दोन शंका. एक, सभासदत्व सक्तीचं होतं की ऐच्छिक? दुसरी, तो क्रिटिक बिचारा वर्षअखेर जिवंत राहायचा का?

---

खडूची धूळ

@तिरपागडा, जिवंत राहायचा, कारण पद फिरतं असायचं. बहुतेक मंडळांत पदाधिकारी दर सत्राला, कधी त्याहून लवकर बदलायचे. आज तुम्ही माझे उच्चार काढलेत, पुढच्या खेपेला मी तुमचे काढणार. त्यामुळे जिभेला आपोआप लगाम.

सक्तीचं म्हणाल तर मंडळ मुळात विद्यार्थ्यांचं. पण बऱ्याच नॉर्मल स्कूलांत 'रेटॉरिकल्स' नावाचा सक्तीचा प्रकार वेगळा होता. ठरलेल्या दिवशी सगळ्या शाळेसमोर उभं राहून पाठ केलेलं भाषण म्हणायचं किंवा निबंध वाचायचा. तो संस्थेचा. मंडळात गंमत अशी की घटना, पोटनियम, दंड, खोलीची सजावट, वर्गणी, सगळं पोरांच्या हातात.

---

मृदगंध

लेख आवडला, पण सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही शेवटच्या परिच्छेदात ओझरती उरकलीत. विशीतली पोरगी सभा ताब्यात ठेवते! १८५० च्या आसपास ही साधी गोष्ट होती का?

ओबर्लिन कॉलेजचं उदाहरण घ्या. मुलामुलींना एकत्र पदवी शिक्षण देणारं अमेरिकेतलं पहिलं कॉलेज. १८३७ पासून मुली पदवीच्या वर्गात. आणि तिथेही वक्तृत्वाच्या तासाला मुलींनी बसायचं ते ऐकायला. मुलांसमोर उभं राहून वाद घालायचा नाही. ल्यूसी स्टोन आणि अँटॉइनेट ब्राऊन दोघी त्या वर्गात. दोघींना पुढे व्यासपीठच गाजवायचं होतं. त्यांनी काही मुलींना घेऊन कॉलेजबाहेर गुपचूप वादविवादाचा सराव सुरू केला. १८४७ मध्ये ल्यूसीची पदवी झाली, तेव्हा पदवीदान समारंभासाठी निबंध लिहायला तिची निवड झाली होती. अट अशी की निबंध तिचा, वाचणार पुरुष प्राध्यापक. तिने लिहायलाच नकार दिला.

आता याच्या शेजारी तुमचं नॉर्मल स्कूल ठेवा. तिथे मुलींची संख्या बहुतेक ठिकाणी मुलांपेक्षा जास्त. मिश्र मंडळांत मुली निबंध वाचतात, हस्तलिखिताचं संपादन करतात, पदं घेतात, वादविवादात उभ्या राहतात, आणि समोर मुलगे बसलेले. विषय काय, तर स्त्रियांना मताधिकार असावा का! आणि बाजू वाटून दिलेली असल्यामुळे एखाद्या मुलाला तो असावाच म्हणून घसा कोरडा करावा लागत असेल.

मोठमोठ्या कॉलेजांत जे चाललं नाही ते या 'हलक्या' समजल्या गेलेल्या शाळांत बिनबोभाट चाललं. का? माझ्या मते कारण सरळ आहे. बाईला शिक्षिका करायचं तर ती चारचौघांत बोलणार हे आधीच मान्य करावं लागतं. पोटाच्या धंद्याने जे दार उघडलं ते तत्त्वाने उघडलं नसतं.

---

खडूची धूळ

मृदगंधताई, दंडवत. हे मूळ लेखातच यायला हवं होतं इतकं नेमकं आहे.

एक पुरवणी जोडतो. सगळीकडे चित्र इतकं गोजिरं नव्हतं. काही ठिकाणी मुलामुलींची मंडळं पहिल्यापासून वेगळी होती. इलिनॉयमध्येही मिश्र फिल आणि राइट चालू असताना पुढे फक्त मुलग्यांची सिसेरोनियन आणि फक्त मुलींची सॅफोनियन अशी मंडळं निघाली. त्याचं एक कारण मला असं दिसतं की दोन मोठ्या मंडळांत सभासद इतके झाले की बोलायची पाळीच लवकर येईना.

---

निवांत पथिक

विरोधी सूर लावतो, चालेल ना?

तुम्ही मंडळांना फार चढवून ठेवताय. नॉर्मल स्कूलचं खरं योगदान म्हणजे जोडलेली सराव शाळा. न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगोचं काम बघा. एडवर्ड शेल्डनने १८६१ मध्ये तिथे प्रशिक्षण सुरू केलं आणि स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझीच्या वळणाचं 'वस्तुपाठ' तंत्र अमेरिकाभर नेलं. पुस्तकातली व्याख्या घोकण्याआधी मुलाच्या हातात पान द्या, दगड द्या, त्याला बघू द्या, बोलू द्या. ही खरी क्रांती. आणि तिचा गाभा असा की मास्तरने कमी बोलायचं!

वादसभेत काय शिकवलं जायचं? जास्त बोलायला. त्या काळचं वक्तृत्व म्हणजे हातवारे, कंप पावणारा आवाज, रोमन सिनेटर. सात वर्षांच्या पोरापुढे सिसेरो उभा करून काय उपयोग? मी स्वतः अशा वक्तृत्वपटू शिक्षकांच्या हाताखाली शिकलोय. तास संपला की टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या आणि वहीत काही नसायचं.

---

तिरपागडा

"तास संपला की टाळ्या" 😄 हे आमच्या सरांना दाखवायची सोय नाही.

---

खडूची धूळ

पथिकबुवा, मुद्दा वजनदार आहे. वस्तुपाठाचं महत्त्व मी नाकारत नाही. भाषणबाजीचा दोषही खरा, त्या काळातल्या लोकांनाही तो दिसत होता.

पण दोन गोष्टी बघा. सराव शाळेत विद्यार्थी-शिक्षकाचा पाठ बघून दोष सांगणाऱ्या अनुभवी शिक्षिकेला तिथे 'क्रिटिक टीचर' म्हणत. पाठ संपला की तिच्यासमोर बसून ऐकून घ्यायचं. कुणाला रडू फुटायचं, कुणी हट्टाला पेटायचं. पण जो मंडळात दर आठवड्याला सगळ्यांदेखत आपले दोष ऐकायचा आणि कधीतरी स्वतः दुसऱ्याचे सांगायचा, त्याला हे नवं नसायचं. म्हणजे मंडळ आणि सराव शाळा एकमेकांविरुद्ध उभ्या नव्हत्या.

दुसरी गोष्ट. नॉर्मल स्कूलात येणारी पोरं बहुतेक शेतकऱ्यांची, गावच्या शाळेत जेमतेम शिकलेली. कित्येक जण एखादं-दोन सत्रं शिकून, दाखला न घेताच नोकरीला लागायचे. पैसे साठले की परत यायचे, नाहीतर नाहीच. एवढ्या थोड्या वेळात त्यांना पहिल्यांदा पुस्तकांवर बोलणारी माणसं भेटायची ती मंडळात. वस्तुपाठाचं तंत्र चार गोष्टी पाठ करून निभावता येतं. 'मला मत आहे आणि ते मी मांडू शकतो' हे पाठ करून येत नाही.

---

बारा गावचं पाणी

पथिक आणि खडूभाऊ, तुमच्या भांडणात एक साक्षीदार आणतो. बुकर टी. वॉशिंग्टन.

गुलामीत जन्मलेला हा मुलगा १८७२ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन नॉर्मल अँड ॲग्रिकल्चरल इन्स्टिट्यूटमध्ये पोचला. ही संस्था १८६८ ची, जनरल आर्मस्ट्राँगने काढलेली, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांमधून शिक्षक तयार करणारी. १९०१ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या आत्मचरित्रात तो लिहितो की हॅम्प्टनमधल्या वादसभा त्याला सतत आनंद देत. त्या शनिवारी संध्याकाळी भरायच्या आणि तिथे असेपर्यंत एकही बैठक चुकवल्याचं त्याला आठवत नाही.

एवढ्यावर भागलं नाही. त्याच्या लक्षात आलं की रात्रीचं जेवण आणि संध्याकाळचा अभ्यास यांच्यामध्ये वीसेक मिनिटं असतात आणि पोरं ती गप्पांत घालवतात. मग वीसेक जणांनी मिळून आणखी एक मंडळ काढलं, फक्त त्या वीस मिनिटांसाठी. रोज वादविवाद किंवा भाषणाचा सराव. शिवाय नॅथली लॉर्ड नावाच्या शिक्षिकेकडून तो श्वास कसा घ्यायचा, जोर कुठे द्यायचा, शब्द स्पष्ट कसे काढायचे हे खासगीत शिकत होता.

आता पुढचं ऐका, कारण खडूभाऊंच्या मुद्द्याला ते चपखल बसतं. १८७५ मध्ये हॅम्प्टन संपवून हा वेस्ट व्हर्जिनियातल्या माल्डन या आपल्या गावी शिक्षक म्हणून परत गेला. सकाळी आठपासून कित्येकदा रात्री दहापर्यंत काम. दिवसाची शाळा, रात्रीची शाळा, पोरांना केस विंचरायला आणि दात घासायला शिकवणं इथपर्यंत सगळं. आणि त्या धबडग्यात त्याने गावात काय सुरू केलं? एक छोटं वाचनालय आणि एक वादविवाद मंडळ!

म्हणजे कॉलेजातलं मंडळ उचललं आणि जसंच्या तसं गावात नेऊन लावलं. १८८१ मध्ये टस्कीगीची शिक्षणसंस्था उभी करायला गेला तो हाच माणूस, आणि १८९५ मध्ये अटलांटाच्या प्रदर्शनात गोऱ्या-काळ्या मिश्र श्रोत्यांसमोर बोलला तोही हाच. त्या अटलांटाच्या भाषणातल्या राजकारणावर ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताने पुढे कडाडून टीका केली, तो वेगळ्या धाग्याचा विषय. पण भाषण करायची तयारी कुठे झाली हे तर स्पष्ट आहे.

---

निवांत पथिक

माल्डनचं माहीत नव्हतं. साक्षीदार भारी आहे, मान्य.

तरी एक बुकर म्हणजे सगळे विद्यार्थी नव्हेत. जो मुळातच बोलका, त्याला मंडळ फळतं. कोपऱ्यात बसणाऱ्याचं काय? त्याचा दंड भरूनच जीव जात असेल.

---

मृदगंध

@निवांत पथिक, कोपऱ्यात बसणाऱ्याला इतिवृत्त लिहायला द्यायचे. मी चेष्टा करत नाहीये. चिटणीसपद हे लाजऱ्यांचं हक्काचं दार. दीड तासाची गडबड नेमक्या शब्दांत उतरवायची, पुढच्या बैठकीत उभं राहून वाचायची आणि हरकत आली तर 'मी लिहिलंय ते बरोबर आहे' असं म्हणायची हिंमत करायची. यातूनही माणूस बोलायला लागतो, जरा उशिराने.

---

दप्तरखाना

उशिरा आलो. विषय अमेरिकेचा आहे म्हणून बराच वेळ गप्प बसलो, पण राहवत नाही, एक समांतर धागा ओढतो.

मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षक तयार करण्यासाठी १८४५ मध्ये नॉर्मल क्लास निघाला आणि तो बाळशास्त्री जांभेकरांकडे सोपवला गेला. दर्पणकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण शिक्षकांचे शिक्षक म्हणून फारसं कुणी नाव घेत नाही. १८४६ मध्ये ते गेले, वय जेमतेम चौतीस. दोनच वर्षांनी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी उभी राहिली. निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची, अगदी तुमच्या फिल-राइटसारखं. तिच्याच मराठी आणि गुजराती शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक मंडळ्या. मराठीच्या अध्यक्षपदी दादोबा पांडुरंग, गुजरातीत काम करणाऱ्यांत दादाभाई नौरोजी.

आणि १८४९ मध्ये याच सोसायटीच्या सभासदांनी मुलींच्या शाळा काढल्या. सकाळच्या वेळात स्वतः जाऊन शिकवायचे, फुकट. तिकडे शिक्षक-कॉलेजात मंडळ निघालं, इकडे मंडळाने शाळा काढल्या.

---

खडूची धूळ

दप्तरखाना, वा! उलटा प्रवास. दादाभाईंचं पहिलं व्यासपीठ हे, आणि शेवट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये.

फरक एवढाच दिसतो की एल्फिन्स्टनची सोसायटी शहरातल्या निवडक हुशार पोरांची होती आणि सुरुवातीला पुरुषांचीच. नॉर्मल स्कूलची मंडळं गावाकडच्या, फी परवडत नाही म्हणून शिक्षक व्हायला आलेल्या पोरापोरींची. इलिनॉयमध्ये शिक्षक व्हायचं कबूल केलं तर शिक्षण फुकट होतं. जांभेकरांच्या नॉर्मल क्लासवर वेगळा धागा काढाच, इथे वाहून जाईल.

---

कुतूहल

मी फक्त वाचणारी. प्रश्न साधा आहे. एवढं सगळं चाललं होतं तर बंद का पडलं?

---

बारा गावचं पाणी

@कुतूहल, जुन्या पुरुषी कॉलेजांत ही मंडळं आधी मेली. येलमधल्या लिनोनिया (१७५३) आणि ब्रदर्स इन युनिटी (१७६८) यांची स्वतःची मोठाली ग्रंथालयं होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती कॉलेजच्या ग्रंथालयात जमा झाली. एक तर कॉलेजची ग्रंथालयं सुधारली, मग मंडळाच्या पुस्तकांसाठी वर्गणी कोण भरणार? दुसरं म्हणजे ग्रीक अक्षरांच्या गुप्त बिरादऱ्या आल्या. मैत्री, पार्ट्या, ओळखी सगळं तिकडे वळलं.

नॉर्मल स्कूलांत हे उशिरा घडलं, विसाव्या शतकात.

---

खडूची धूळ

त्यात माझी भर. नॉर्मल स्कूलात मंडळांना मारलं ते त्यांच्याच लेकरांनी. हस्तलिखित वाचून दाखवायची मजा होती, मग छापील विद्यार्थी-वृत्तपत्र आलं. इलिनॉयमध्ये 'व्हिडेट' १८८८ पासून. नाटकं मंडळात व्हायची, मग नाटकाचा स्वतंत्र क्लब आला. संगीताचा वेगळा. वादविवादाचं तर पार व्यावसायिकीकरण झालं. प्रशिक्षक नेमले, निवडक चार जणांचा संघ दुसऱ्या कॉलेजशी भिडायला लागला, भाषणकला हा गुणांचा विषय झाला. आधी सगळे बोलायचे, आता चार बोलणार आणि बाकीचे टाळ्या वाजवणार. फुटबॉल आणि बास्केटबॉल आल्यावर चढाओढीची हौसही तिकडे फिटली. त्यातून नॉर्मल स्कूलची टीचर्स कॉलेजं झाली, मग सर्वसाधारण विद्यापीठं. इलिनॉयच्या संस्थेने १९६० च्या दशकात नावातून 'नॉर्मल' काढून टाकलं. गावाचं नाव मात्र अजून नॉर्मलच आहे.

जाता जाता एक किस्सा. यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा तिथला पहिला मुख्याध्यापक चार्ल्स हॉवी शिक्षक आणि विद्यार्थी घेऊन लढायला गेला. ३३ वी इलिनॉय पायदळ पलटण. लोक तिला 'मास्तरांची पलटण' म्हणत, कुणी 'अकलेची पलटण'. तिच्याबद्दल असा विनोद होता की या पलटणीत डोकं कमी म्हणून काढून टाकलेला शिपाई दुसऱ्या पलटणीत अधिकारी म्हणून चालेल. फिल आणि राइट एकाच तंबूत वाद घालत बसले असतील तर नवल नाही.

---

निवांत पथिक

वाद घालता घालता शत्रू आला तर 'हरकतीचा मुद्दा, अध्यक्षमहाराज' म्हणाले असतील.

---

आडवळण

मी अध्यापक विद्यालयात शिकवते, म्हणून नुसतं वाचून जमणार नाही, प्रश्न विचारते. आमच्याकडे पटसंख्या घटलीये, मुलं पाठ घेतात, निरीक्षण वहीत 'छान' असं लिहून एकमेकांना वाचवतात. सहाध्यायीचं निरीक्षण हा प्रकार नावापुरता. तो क्रिटिक आमच्या शनिवारच्या सभेत आणावा असं डोक्यात आलंय. पण भीती वाटते. आजकाल सगळ्यांदेखत दोष सांगितले तर रुसवे, तक्रारी, व्हॉट्सॲपवर महाभारत.

---

मृदगंध

@आडवळण, माझं ऐकाल तर पहिले दोन-तीन आठवडे क्रिटिक तुम्ही व्हा आणि ज्याच्यावर टीका करायची तो अध्यक्ष म्हणजे तुमचाच एखादा सहकारी प्राध्यापक असू द्या. मोठ्यांनी ऐकून घेतलेलं दिसलं की पोरं ऐकतात.

---

तिरपागडा

सहकारी प्राध्यापक शोधून ठेवा मात्र. हे पद भरायला जाहिरात द्यावी लागेल.

---

खडूची धूळ

@आडवळण, मृदगंधताईंचं बरोबर आहे. त्यात जुन्या मंडळांकडून उचलण्यासारख्या आणखी काही गोष्टी. क्रिटिकने काय बघायचं ते आधी ठरवून फळ्यावर लिहा : आवाज पोचला का, मुद्दा धरून बोलला का, वेळ पाळली का, उच्चार. याबाहेर काही बोलायचं नाही. माणसाच्या स्वभावावर, कपड्यांवर, गावच्या बोलीवर तर नाहीच. बोलीला दोष म्हणणारा क्रिटिक मुलांना कायमचं गप्प करतो. उदाहरण म्हणून शब्द किंवा वाक्य जसंच्या तसं सांगायला लावा, 'एकंदरीत बरं नव्हतं' चालणार नाही. आणि क्रिटिकच्या टिपणावर वाद नको, फक्त आभार.

पद दर आठवड्याला फिरवा, चिठ्ठी टाकून. ज्याला 'छान' लिहायची सवय आहे त्याला पहिल्या महिन्यातच बसवा.

---

आडवळण

चिठ्ठीची कल्पना घेतली. येत्या शनिवारचा विषय मुलांनीच सुचवलाय : 'गृहपाठ बंद करावा'. बाजू वाटून देणार म्हटल्यावर आत्ताच दोघांनी 'मॅडम, मला विरोधात टाकू नका' असा अर्ज केलाय.

---

निवांत पथिक

त्या दोघांना विरोधातच टाका.